मान्यता मिळाली

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या विमान दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेला मान्यता मिळाली. काल दुपारी पत्र आलं. वर्षभर फोनवर मी "चाललंय व्यवस्थित" म्हणत राहिले, पण तसं नव्हतं. मान्यता नाही म्हणून प्रवेश नाहीत, प्रवेश नाहीत म्हणून पगार नाही. बाबा, सोयाबीनचे जे पैसे तुम्ही काही न विचारता पाठवलेत, त्यातून माझं तीन महिन्यांचं घरभाडं गेलं. हे सांगायचं राहिलं होतं.

विमान दुरुस्ती शिकवायची तर डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, सीएआर-१४७ ही मान्यता लागते. माझ्या बी१.१ शाखेला, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या, २४०० तास शिकवावं लागतं. वर्गात २८ च्या वर मुलं चालत नाहीत, कार्यशाळेत एका शिक्षकामागे १५ च. कागद आमचे चोख होते. घोडं अडलं कार्यशाळेत. तिथं फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असते, जागा रिकामी दिसली की काय गेलंय ते कळतं. तपासणीच्या दिवशी दहा-अकराच्या पान्याची जागा रिकामी होती आणि वहीत कुणाचीच सही नव्हती. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच नट आवळायचा पाना, त्याच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासण्याची) तारीखही उलटलेली.

एका पान्यासाठी एवढं? सगळे चिडले. मला राग आला नाही, लाज वाटली. आठवतं ना, विहिरीवरची मोटार बसवून झाली की तुम्ही पाने मोजल्याशिवाय गोणपाट गुंडाळत नव्हता. एका रात्री एक कमी भरला, तर भरल्या ताटावरून उठून वावरात गेलात. बॅटरी मी धरली होती. पाना पंपाच्या बुडाशीच निघाला. आई, तू तोवर ताट झाकून बसली होतीस. विमानाच्या इंजिनात राहिलेला पाना तर किती जिवांवर बेतेल!

आता रोज संध्याकाळी फळी मीच तपासते, मगच कुलूप लागतं. मुलांकडूनही पहिल्या दिवसापासून हेच करून घेणार आहे. लायसन्सच्या परीक्षेला प्रत्येक विषयात ७५ टक्के लागतात, त्याची तयारी होईल. हात मात्र आधी वळायला हवेत.

पहिली तुकडी सोमवारी सुरू होतेय. पुढच्या आठवड्यात दोघंही या. जिंतूरहून सकाळची गाडी धरा, मी संभाजीनगरच्या स्टँडवर थांबते. आई, कार्यशाळा तळमजल्यावरच आहे, तुझ्या गुडघ्यांना जिना नाही. आणि बाबा, ती फळी तुम्ही एकदा मोजून बघा.

तुमची लेक