लिंकन कशासाठी हरले, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की अब्राहम लिंकन यांच्या पराभवांची एक यादी ठिकठिकाणी वाचायला मिळते. आपल्या पुरवणीतही ती गेल्या आठवड्यात चौकटीत आली होती. १८३२ साली विधिमंडळाची निवडणूक हरले, मग दुकान बुडाले, १८३८ साली सभापतिपद हुकले, १८४३ साली काँग्रेसची (अमेरिकेच्या संसदेची) उमेदवारी मिळाली नाही, १८५५ आणि १८५८ साली सिनेटची (त्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) जागा गेली आणि १८६० साली राष्ट्राध्यक्ष झाले. नापास झालेल्या मुलांना धीर यावा, हा हेतू चांगलाच आहे. मी ३१ वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला आणि हीच यादी कितीतरी वेळा फळ्यावर लिहून दिली. एका वर्षी आठवीतल्या मुलीने विचारले, "बाई, पण ते निवडणुकीला उभे कशासाठी राहत होते?" घंटा झाली होती, म्हणून 'उद्या सांगते' म्हणाले. त्या रात्री वाचायला बसले तेव्हा ध्यानात आले, की सबंध यादीत 'गुलामगिरी' हा शब्दच नाही.

यादी अर्धवटही आहे. १८३२ च्या निवडणुकीत लिंकन १३ उमेदवारांत आठवे आले हे खरे, पण त्यांच्या न्यू सेलम गावाने ३०० पैकी २७७ मते त्यांना दिली होती. १८३४ पासून ते सलग चार वेळा इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून आले, १८४६ साली काँग्रेसवरही निवडले गेले. दुकानाचे कर्ज त्यांनी पुढे कैक वर्षे फेडत आणले. (शाळाशाळांच्या भिंतींवर लावलेले हेडमास्तरांना लिहिलेले पत्र त्यांचेच, असा कोणताही पुरावा नाही, हेही एकदा आपण छापावे. आमच्या शाळेतही ते लावलेले होते.)

काँग्रेसची एक मुदत संपवून लिंकन स्प्रिंगफील्डला परतले आणि वकिलीत रमले. राजकारण जवळजवळ सुटलेच होते. त्यांना परत ओढले ते १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने. १८२० च्या मिसूरी तडजोडीने एक रेषा आखली होती आणि मिसूरी वगळता तिच्या उत्तरेकडच्या प्रदेशात गुलाम ठेवण्यास मनाई होती. सिनेटर स्टीफन डग्लस यांनी ती रेषा पुसली. नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नाही ते तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी मत देऊन ठरवावे, यालाच ते लोकसत्ता म्हणत. पिओरिया गावात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिंकननी त्याला उत्तर दिले. माणूस स्वतःवर राज्य करतो ते स्वराज्य. तोच स्वतःबरोबर दुसऱ्यावरही राज्य करू लागला की ती जुलूमशाही, असा त्या भाषणाचा गाभा होता. काळा माणूस हा माणूस आहे की नाही, एवढाच प्रश्न त्यांनी लोकांपुढे ठेवला.

यादीतल्या १८५५ च्या ओळीमागे हे सगळे उभे आहे. तेव्हा सिनेटर राज्याचे विधिमंडळ निवडत असे. पहिल्या फेरीत लिंकन ४४ मते घेऊन सर्वांच्या पुढे होते, तर लायमन ट्रंबुल यांना होती अवघी पाच. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, लिंकन यांची मते गळत गेली आणि नेब्रास्का कायद्याच्या बाजूचा माणूस निवडून येणार असे दिसू लागले. ट्रंबुल दुसऱ्या पक्षाचे, पण त्या कायद्याचे कडवे विरोधक. लिंकननी आपल्या उरलेल्या माणसांना सांगितले, ट्रंबुलना मते द्या. दहाव्या फेरीत ट्रंबुल निवडून आले. यादीत याला 'अपयश' म्हटले आहे. मी तरी याला अपयश म्हणणार नाही. हाताशी आलेली जागा त्यांनी एका प्रश्नासाठी सोडली, आणि मुलांना सांगण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच आहे.

१८५८ साली डग्लस यांच्याशी सात गावांत सात वाद झाले, प्रत्येक तीन तासांचा. एकाने तासभर बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने अर्धा तास. शिकागोच्या वृत्तपत्रांनी लघुलेखक पाठवून ही भाषणे सविस्तर छापली. सिनेटची जागा विधिमंडळात ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांनाच मिळाली. पण लिंकननी ती कात्रणे जपून ठेवली, १८६० साली त्यांचे पुस्तक निघाले आणि इलिनॉयबाहेरच्या माणसालाही त्यांचे म्हणणे घरबसल्या वाचता आले. वर्तमानपत्राने शब्दन्‌शब्द छापण्याचे मोल आपल्याला मी काय सांगावे!

याच वादांत चार्ल्सटनला त्यांनी काळ्यांना मताधिकार व सामाजिक समता देण्याच्या बाजूचा मी नाही, असेही सांगितले. ते वाचून मला वाईट वाटले, आजही वाटते. मुलांपासून हे लपवू नये. गुलामगिरी चूक आहे आणि ती पसरू देता कामा नये, या एका मुद्द्यावरून मात्र ते हलले नाहीत. समतेपर्यंत जायला त्यांना बराच काळ लागला आणि त्या वाटेवर फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या, स्वतः गुलामीतून निसटलेल्या माणसांनी त्यांच्यावर परखड टीका केली.

यादीची शेवटची ओळ सुखान्त वाटते, तीही तशी नाही. १८६० साली रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात दुसरे इच्छुक विल्यम सुअर्ड पुढे असताना तिसऱ्या फेरीत लिंकन यांना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरमध्ये जनतेची ४० टक्क्यांहूनही कमी मते मिळवून ते निवडून आले. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. ४ मार्च १८६१ रोजी शपथ घेण्यापूर्वीच सात राज्ये फुटून निघाली होती. देशात तेव्हा सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. महाराष्ट्राने त्या लढ्याशी आपले नाते जोडले ते असे. दीडशे वर्षांनी आपण त्यातून गुलामच वगळून टाकावेत, याचे मला फार दुःख होते.

पुढच्या निकालांच्या वेळी ती चौकट पुन्हा घ्याल, तेव्हा १८५५ च्या ओळीपुढे थोडा मजकूर वाढवावा, एवढी विनंती आहे. ज्या ट्रंबुल यांच्यासाठी लिंकननी मते सोडली, तेच पुढे सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा मसुदा १८६४ साली त्यांच्याच समितीतून आला, आणि १ फेब्रुवारी १८६५ रोजी त्या ठरावावर लिंकन यांनी सही केली.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, कराड