पार्किंगचे पैसे घ्या, पण मिनिटांच्या हिशेबाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत पे अँड पार्कचा विषय निघाला की चर्चा दर किती आणि ठेका कुणाला, या दोनच गोष्टींवर घुटमळते. पैसे नेमके कशाचे घ्यायचे, हे कुणी विचारत नाही. हरभट रोड, मारुती रोड, कापड पेठ इथे सकाळी दहाला लागलेल्या दुचाक्यांपैकी बऱ्याच रात्री शटर पडेपर्यंत जागच्या हलत नाहीत. त्या गिऱ्हाइकांच्या नसतात, दुकानमालकांच्या आणि कामगारांच्या असतात. दहा तास अडलेल्या त्याच जागेत अर्ध्या-अर्ध्या तासाने वीस गिऱ्हाइके येऊन जाऊ शकतात. ‘दहा रुपये द्या, दिवसभर लावा’ अशी पावती फाडली की या अडवणुकीवर महापालिकेचाच शिक्का बसतो.

जगातले पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसले, ते याच दुखण्यावर. तिथेही पेठेत कामाला येणारे दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि खरेदीला आलेला माणूस फेऱ्या मारत बसे. पुढे लॉस एंजेलिसमधले नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी सोपा ठोकताळा सांगितला: दर असा ठेवा की रस्त्यावरच्या सातआठ जागांमागे एक जागा कायम मोकळी सापडेल. सगळ्या भरल्या तर दर कमी आहे, निम्म्या ओस पडल्या तर जास्त आहे. म्हणजे गणपती पेठ आणि विश्रामबागला एकच दर लावणे चूक. शनिवारच्या बाजारालाही वेगळा दर हवा.

दराचे प्रमाण जागेवरून काढावे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे बांधकामांच्या नियमांत, मोटारीसाठी २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ बाय २ मीटर जागा धरली आहे. साडेबारा चौरस मीटरला दोन चौरस मीटर, म्हणजे सहाला एक. मोटारीला तासाला ३० रुपये असतील तर दुचाकीला ५ पुरेत. दुसऱ्या तासाला दर दुप्पट आणि तिसऱ्याला तिप्पट करावा. मासिक पास मात्र मुख्य पेठेत कुणालाच देऊ नये, नाहीतर कामगारांच्या गाड्या मागच्या दाराने पुन्हा तिथेच येतील. पहिली पंधरावीस मिनिटे मोफत ठेवायला हरकत नाही, पण गाडीच्या एका क्रमांकाला दिवसातून एकदाच. ही अट यंत्रात घातली नाही तर दर वीस मिनिटांनी नवी मोफत पावती काढणारे निघतातच.

आता यंत्राबद्दल. प्रत्येक जागेसमोर खांबावर एक मीटर, हा प्रकार आपल्या कामाचा नाही. दुचाकीला ठरलेली चौकट नसते. एक गाडी सरकवून दोन बसवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. शिवाय नाण्यांचा घोळ. दहाचे आणि वीसचे नाणे दोन्ही २७ मिलिमीटर व्यासाचे. वजन आणि धातू न ओळखणारी खाच दोन्ही एकच समजते. त्यापेक्षा गाडीच्या क्रमांकावर पैसे घेणारे, चाळीसपन्नास मीटरला एक असे सामाईक यंत्र बरे.

पण तेही हरभट रोडवर जमिनीत रोवू नये. अशा यंत्राची बॅटरी बहुधा खालच्या कप्प्यात असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि २०२१ मध्येही धोका पातळी ओलांडली होती. तेव्हा या पेठांचे काय झाले ते सांगलीकरांना सांगायला नको. पुराच्या पट्ट्यात फक्त क्यूआर कोडचा फलक आणि कर्मचाऱ्याच्या हातात छोटे यंत्र असावे. नेटवर्क गेले तरी नोंद साठवून ठेवून नंतर पाठवणारे ते असावे. पावसाळ्यात थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छपाई होणाऱ्या) कागदाचा गुंडाळा दमट होऊन अडकतो, म्हणून रोज सकाळी नवा घालावा. उन्हात ठेवलेली पावती फिकी पडू शकते, त्यामुळे तपासणी कागदावर नको, क्रमांकावर करावी.

पैसे भरताना लोक चुकतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. आधी फलकावरचा विभाग क्रमांक टाकायचा, मग गाडीचा क्रमांक, मग वेळ. ‘एमएच १०’ लिहिताना शून्याऐवजी इंग्रजी ओ हे अक्षर पडते. शेवटचे चार अंक ०५६७ असतील तर नुसते ५६७ टाकले जाते. अशी नोंद तपासनिसाला सापडत नाही आणि पैसे भरूनही दंड होतो. आपल्याकडे क्रमांकाच्या मालिकेत ओ आणि आय ही अक्षरे देतच नाहीत, तेव्हा ही दुरुस्ती यंत्रणेला आपोआप करता येते. निविदेतच तशी अट घालावी.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारे नाव वाचावे. ते महापालिकेचे नसून कुणा व्यक्तीचे असेल तर पैसे देऊ नयेत. खोट्या क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवण्याचा प्रकार जानेवारी २०२२ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात पार्किंग यंत्रांवरच उघड झाला होता. कोड काचेच्या आत ठेवला तर स्टिकर निदान नखाने खरवडून ओळखता येतो. खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी व्यवहार क्रमांक कर्मचाऱ्याला दाखवावा. यूपीआयने विक्रेत्याला दिलेले असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत आले पाहिजेत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असे रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक सांगते.

पावती म्हणजे दंडापासून अभय नव्हे. शुल्क महापालिकेचे, चलन वाहतूक पोलिसांचे. सम-विषम तारखेच्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला गाडी असेल तर खिशात पावती असूनही ती उचलली जाते आणि वर पहिल्या वेळी ५००, पुढे १५०० रुपये पडतात. म्हणून दोन्ही बाजूंना वेगळे विभाग क्रमांक हवेत आणि त्या तारखेला बंद असलेल्या बाजूचे पैसे यंत्राने घेऊच नयेत. (३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम; त्या दिवशी बाजू बदलत नाही. हे यंत्रालाही शिकवावे लागते आणि आपल्यालाही.)

शेवटचा मुद्दा ठेक्याचा. ठेकेदाराने वर्षाची ठोक रक्कम महापालिकेला भरायची आणि वसुली स्वतःकडे ठेवायची, या पद्धतीत प्रत्येक जादा गाडी त्याचा नफा असते. मग पदपथावर गाड्या चढतात, दुसरी रांग लागते, अग्निशमन गाडीला वाट उरत नाही. वेळ न लिहिलेल्या कोऱ्या पावत्याही याच पद्धतीत चालतात. त्याऐवजी सगळे पैसे थेट महापालिकेच्या खात्यात जावेत आणि ठेकेदाराला कामाचा ठरलेला मोबदला मिळावा. पांढऱ्या पट्ट्याबाहेर लागलेल्या प्रत्येक गाडीमागे आणि बंद पडलेल्या यंत्राच्या प्रत्येक दिवसामागे त्यातून कपात व्हावी. पट्टे मारण्याचे काम मात्र वसुली सुरू होण्याच्या आधी उरकावे, मागाहून नको.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली