आमच्या नाटकाचा शेवट हारतुऱ्यांनी खाल्ला

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री जळगाव बसस्टँडवरून भाचीचा फोन आला. म्हणे, मामा, अमुक नाटकाचा शेवट काय होतो तुला माहीत आहे का? मी म्हटलं तू तेच बघायला गेली होतीस ना. तर म्हणे गेले होते, पण साडेसहाचं नाटक आठला सुरू झालं, शेवटची गाडी साडेदहाची, मग आम्ही तिघी अर्ध्यातून उठून आलो. दीड तास काय चाललं होतं म्हणून विचारलं तर म्हणे सत्कार. मला हसू पण आलं आणि डोकं पण तडकलं, कारण हेच्या हे माझ्यासोबत 1986 मध्ये झालेलं आहे, आणि म्हणून हे पत्र लिहायला बसलोय, लांबलं तर कापा पण शेवटचं मागणं तेवढं छापा.

मी तेव्हा सातवीत होतो. गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या अलीकडे पलीकडे सगळी केळी. नाटक म्हणजे आम्हाला जत्रेतला तमाशा माहीत आणि डफावर वही, म्हणजे आमच्याकडची लोकगाणी, म्हणणारे लोक माहीत. त्यात बरं असं की रात्रभर चालतं, दिवस उगवला की उठायचं, घोंगडी झटकायची आणि घरी यायचं. घड्याळ बघायचा प्रश्नच नाही. माझे काका, आम्ही नाना म्हणायचो, ते दूध सोसायटीत हिशेब लिहायचे आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांना कुठून तरी कळलं की जळगावला 'कट्यार काळजात घुसली' चा प्रयोग लागतोय, तेव्हापासून आठ दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. रेडिओवर त्यातली पदं ऐकून ऐकून पेटीवर बसवलेली, पण नाटक बघितलेलं नाही. मला सोबत नेलं ते मी रडलो म्हणून.

नाटक माझ्या जन्माच्या आधीचं, 1967 चं. लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि त्यातले गवई खांसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे हे समीकरणच. वसंतरावांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्यामुळे आम्ही बघितलेले खांसाहेब दुसरेच कोणी होते. नाना रस्ताभर म्हणत होते की वसंतराव नाहीत तर काय मजा, आणि तरी सगळ्यात पुढे चालत होते.

उघड्यावरचं नाट्यगृह, डिसेंबरची थंडी. खान्देशातली थंडी म्हणजे ऊन गेलं की दात वाजायला लागतात, लोक शाली मफलर गुंडाळून बसलेले. आमचं तिकीट सगळ्यात मागचं, पाच पाच रुपयांचं. स्टेजच्या खाली ऑर्गन आणि तबला लावत होते आणि नाना मान लांब करून नुसतं ऑर्गनकडे बघत होते. सव्वासहाला आम्ही जाऊन बसलो आणि साडेसहाला पडद्यापुढे टेबल आलं. टेबलावर पांढरा कपडा, मग हार आले, मग नारळ आले. पाहुण्यांचा सत्कार, मग ज्यांनी पाहुण्यांना आणलं त्यांचा सत्कार, मग ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा. एका गृहस्थांनी तर माईकवरून सांगितलं की मी रसिकांचा जास्त वेळ घेणार नाही, आणि पंचवीस मिनिटं घेतला. नानांनी तीनदा घड्याळ बघितलं. साडेसहा धरलं तर दहाला सुटणार, साडेदहाची मुक्कामी गाडी मिळणार असा त्यांचा सगळा हिशेब होता. हिशेबाचाच माणूस तो.

तिसरी घंटा झाली तेव्हा आठ वाजून गेले होते. आणि मग पडदा वर गेला, त्याचं काय सांगू साहेब. तमाशात राजवाडा आहे असं सांगावं लागतं, इथे खरंच उभा होता, खांब, झुंबर, गालिचा, आणि त्या सगळ्यावर पिवळा उजेड जो कुठून येतोय तेच समजेना. मी मागे वळून वळून दिवा शोधत होतो, नानांनी डोक्यात टपली मारली, पुढे बघ. कुस्त्यांची दंगल मी बघितली होती, गाण्याची दंगल असते हे तिथेच कळलं. जिंकेल तो राजगायक, त्याला हवेली आणि कट्यार, आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. सातवीतल्या पोराला अजून काय पाहिजे. मी नाटकभर नुसती ती कट्यार बघत होतो.

पण नाना भलतंच काही बघत होते. एकच पद दोन वेगळ्या चालीत येतं त्यात, खांसाहेबांच्या समोरचे गवई पंडितजी, त्यांच्या घराची एक आणि खांसाहेबांची एक. एक शांत, आणि दुसरी अशी की तबलजीची बोटं दिसेनात. नाना मांडीवर बोटं आपटत होते, पेटी असल्यासारखी. मधे एकदा आलाप वरच्या सुराला गेला आणि तेवढ्यात लांबून रेल्वेची शिट्टी झाली, मागचे दोघं तिघं हसले, गाणाऱ्याने मात्र तो आलाप काही सोडला नाही, शिट्टी संपेपर्यंत लावून धरला. त्याच्यावर जी टाळी पडली तशी टाळी मी पुन्हा ऐकली नाही. वन्स मोअर पण झाले दोन चार. त्यात गेलेल्या वेळेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे नीट लिहून ठेवतो, नाहीतर कोणी म्हणेल ह्याला गाण्याचाच कंटाळा.

दहा वाजून गेले आणि नाना चुळबुळ करायला लागले. सदाशिव नावाचा पोरगा खांसाहेबांचं गाणं चोरून शिकलेला, तो पकडला गेलाय, खांसाहेबांच्या हातात कट्यार, सगळं नाट्यगृह गप्प, आणि नाना माझा दंड धरून कानात म्हणतात, चाल भो, एस्टी चुकी जाई. मी उठायला तयार नाही. शेवटी ओढत नेलं. ते स्वतः दारापर्यंत उलटे चालत गेले, तोंड स्टेजकडे करून, आणि दारावरच्या माणसाच्या पायावर पाय दिला. मग स्टँडपर्यंत पळालो. गाडी मिळाली. सगळ्या रस्त्यात नाना एक शब्द बोलले नाहीत, तापीच्या पुलावर तेवढं म्हणाले, कट्यार उजव्या हातात होती ना रे.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळी गल्ली जमली. मी नाटक करून दाखवलं, लाटण्याची कट्यार करून, आणि जिथे आम्ही उठलो तिथेच थांबलो. शेजारच्या आजी म्हणे, मंग? मारी टाकं का त्याले? म्हटलं माहीत नाही. त्यावर जी जुंपली ती होळीपर्यंत चालली. आबांचं म्हणणं मारलंच असणार, नाहीतर मंग कट्यार काढी कसाले. माझी आई म्हणायची जो माणूस असा गातो तो मारणार नाही. नाना दोन्ही बाजूंनी बोलायचे, दिवसावर होतं त्यांचं.

मला उत्तर मिळालं पाच वर्षांनी, कॉलेजला असताना वाचनालयात पुस्तक मिळालं तेव्हा. उभ्याउभ्या शेवटची पानं वाचली आणि शनिवारी घरी आल्या आल्या आईला सांगितलं की मारत नाही. आई भाकरी थापत होती, मान पण वर केली नाही, माले तव्हयच माहीत व्हतं म्हणे. पुढे 2015 ला पिक्चर आला तो पण बघितला, चांगला आहे, पण पिक्चरमध्ये बरंच काही वेगळं आहे आणि काही झालं तरी ते पडद्यावरचं. स्टेजवर तो शेवट मी आजपर्यंत बघितलेला नाही. नानांनी पण नाही. ते गेले तेव्हा पेटीच्या खणात दोन अर्धी तिकिटं निघाली.

आता नाट्यगृह नवीन झालं, एसी झाला, खुर्च्या मऊ झाल्या. तिकीट पाचाचं पाचशे झालं त्याचंही काही नाही, लांबून गाडी भरून नाटक आणायचं तर खर्च आहे. पण टेबल, पांढरा कपडा आणि हार मात्र तिथल्या तिथे आहेत. जळगाव शहरात राहणाऱ्याला फरक पडत नाही, रिक्षा करून बारा वाजता घरी जातो. चोपडा, यावल, पारोळ्याकडून आलेल्या माणसाने काय करायचं? त्यात एकट्या दुकट्या पोरी असल्या तर त्या आधी शेवटच्या गाडीची वेळ बघतात आणि मग तिकीट काढतात.

म्हणून आयोजक मंडळींना तुमच्या पेपरमधून एकच विनंती. सत्कार जरूर करा, पण नाटक सुटल्यावर करा. ज्याला हार घालून घ्यायचाय तो थांबेल, त्याची स्वतःची गाडी असते. आणि जळगावला पुन्हा कधी 'कट्यार' लागलं आणि घंटा वेळेवर होणार असं कोणी लिहून दिलं, तर त्या दिवशीचे हार नारळ माझ्याकडून. भाचीला पण घेऊन येतो.

आपला नेहमीचा वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव