थर्मामीटर दाखवतो ६३, दूध असते ६१ वर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या कंपनीच्या डिजिटल प्रोब थर्मामीटरमधील दोष आणि 'अचूकता ०.१ अंश' या दाव्याबाबत तक्रार.

महोदय,

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचा महिला बचत गट गवळाऊ गाईंचे दूध गोळा करतो, पाश्चराइझ करून (म्हणजे जंतू मरतील इतके तापवून) विकतो आणि उरलेल्या दुधाचे दही-पनीर करतो. या कामासाठी आम्ही आपला लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन मागवला. तो खरे तापमान दाखवत नाही. तो चुकतो तेही धोक्याच्या बाजूने चुकतो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे मोठी यंत्रे नाहीत. दुधाचा गंज (पातेले) गरम पाण्यात ठेवून दूध ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, सतत ढवळत पूर्ण अर्धा तास त्याखाली उतरू द्यायचे नाही, मग लगेच थंड करायचे, अशी आमची पद्धत आहे. या अर्ध्या तासात आमची सगळी भिस्त थर्मामीटरवर असते. दूध ६१ वर आहे की ६३ वर, हे हाताला कळत नाही, वाफेवरून कळत नाही आणि चवीवरून तर मुळीच कळत नाही.

गावातून घेतलेले नमुने फॉस्फेटेज चाचणीत नापास झाले तेव्हा आम्हाला पहिली शंका आली. फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) कच्च्या दुधात असतेच आणि नीट पाश्चरायझेशन झाले की नष्ट होते. ते शिल्लक राहिले याचा अर्थ दूध पुरेसे तापले नाही किंवा त्यात कच्चे दूध मिसळले. मिसळ झालेली नाही याची खात्री केल्यावर थर्मामीटर तपासायला घेतला.

आधी बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात प्रोब (वायरच्या टोकाची तापमान मोजणारी सळई) धरला. तिथे ० यायला हवे होते, ०.४ आले, ते चालण्यासारखे आहे. मग उकळत्या पाण्यात धरला. आमचा भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या जवळपास उकळते. आपला थर्मामीटर १०२ दाखवत होता. शेवटी दाखला असलेला काचेचा थर्मामीटर डेअरीतून मागून आणला आणि दोन्ही एकाच गंजात, एकाच खोलीवर धरले. काचेचा ६१ वर आला तेव्हा आपला ६३ दाखवत होता. म्हणजे पडद्यावर ६३ पाहून आम्ही घड्याळ लावत होतो, ते दूध प्रत्यक्षात ६१ वर अर्धा तास राहत होते.

हे आपल्या ग्राहक सेवेला फोनवर सांगितले तर उत्तर मिळाले, "ताई, घरगुती वापराला एक-दोन डिग्रीने काय फरक पडतो?" या उत्तराने मला सगळ्यात जास्त वाईट वाटले. पूर्वी अमेरिकेत अर्ध्या तासासाठी ६१.७ अंश पुरेसे मानत. क्यू फीव्हर या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचा जंतू एवढ्या उष्णतेत खात्रीने मरत नाही असे दिसल्यावर १९५६ मध्ये ती मर्यादा ६२.८ वर नेली. फरक फक्त १.१ अंशाचा होता, तरी सगळ्या डेअऱ्यांचा नियम बदलला. आपला थर्मामीटर आम्हाला त्या जुन्या, अपुऱ्या मर्यादेच्याही खाली ठेवत होता. हे दूध लहान लेकरे पितात, बाळंतिणी पितात.

दुसरे उत्तर होते, "कॅलिब्रेट करून घ्या." कसे करायचे? त्यावर दुरुस्तीचे बटणच नाही. आणि असते तरी ही चूक सगळीकडे सारखी नाही. बर्फात जवळजवळ नाही, उकळत्या पाण्यात तीन अंश. एकच आकडा वजा करून ती जाणार कशी?

पाकिटावर मोठ्या अक्षरात 'अचूकता ०.१ अंश' छापले आहे. पडदा दशांशापर्यंत आकडा दाखवतो, एवढेच त्यातले खरे आहे. तो आकडा खऱ्या तापमानापासून किती दूर असू शकतो, हे पाकिटावर, माहितीपत्रकात किंवा आपल्या वेबसाइटवर कुठेही दिलेले नाही. खरेदी करणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे.

माहितीपत्रकाच्या शेवटी अगदी बारीक अक्षरात लिहिले आहे की उपकरण ० ते ४० अंशांच्या हवेतच वापरावे. ही अट खरेदीच्या पानावर नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) टिनाच्या शेडखाली विचारायलाच नको. दुपारी आपल्या थर्मामीटरचा पडदा काळा पडतो, आकडे वाचता येत नाहीत. ही अट आधी दिसली असती तर आम्ही हा थर्मामीटर घेतलाच नसता.

पत्रकात बहुतेक उदाहरणे घरी बिअर करणाऱ्यांसाठी आहेत. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे तो आमचा विषय नाही. पण त्यांचेही यात नुकसानच आहे. आपल्याच पत्रकात लिहिले आहे की माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) ६२ ते ६५ अंशांवर भिजवले तर आंबणारी साखर जास्त सुटते आणि बिअर कोरडी, म्हणजे कमी गोड होते, ७० च्या जवळ गेले तर ती गोडसर आणि जड होते. ज्या कामात तीन-चार अंशांनी पदार्थ बदलतो, त्या कामासाठी दोन अंश चुकणारे उपकरण कसे विकता?

आमचे पूर्ण पैसे परत करावेत. पैशांऐवजी दुसरा नग देणार असाल तर तो ६३ अंशांजवळ तपासलेला असावा आणि सोबत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला असावा. तसाच नवा नग पाठवून विषय मिटवू नये. पाकिटावरचा अचूकतेचा दावा दुरुस्त करावा आणि ४० अंशांची अट खरेदीच्या पानावर ठळक छापावी. या मॉडेलवर विसंबून दूध तापवणारे इतरही असतील. त्यांनाही कळवावे, ही माझी विशेष विनंती आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वर्धा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. आम्ही धंद्यासाठी वस्तू घेतली, म्हणून ग्राहक ठरत नाही, असे आपण म्हणाल. पण पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो.

थर्मामीटर आम्ही मूळ पाकिटासह जपून ठेवला आहे. आपला माणूस तपासायला आला तर त्याच्यासमोर बर्फ, उकळते पाणी आणि दूध, तिन्हींत लावून दाखवू.

आपली,
(सही)
अध्यक्ष, महिला बचत गट
ता. आर्वी, जि. वर्धा

सोबत: बिलाची प्रत, पाकीट व माहितीपत्रकाचे फोटो, दोन्ही थर्मामीटर एकाच गंजात असतानाचे फोटो, फॉस्फेटेज चाचणीचा अहवाल.