हंसाच्या मानेवरचा गुलाबी रंग

संपादक महोदय,

निर्यातीसाठी घडवलेल्या चिनी मातीच्या जुन्या प्राण्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यातील हंसाच्या आकाराचे सूपपात्र 'कांगशी काळातील, १७०० च्या सुमाराचे' असल्याचे छायाचित्राखाली म्हटले आहे, ते पटण्यासारखे नाही. हंसाच्या मानेवरची पिसे गुलाबी छटांनी रंगवलेली त्या छायाचित्रात स्वच्छ दिसतात. सोन्यापासून मिळणारा हा गुलाबी रंग चिनी भांड्यांवर १७२० च्या दशकात रुळू लागला, आणि कांगशी सम्राट तर १७२२ मध्येच निवर्तला. शिवाय प्राण्याची पाठ झाकणासारखी उचलून आतले सूप वाढायचे, हा मूळचा युरोपीय मेजवानीचा थाट. तिकडच्या कारखान्यांची अशी भांडी अठराव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय झाल्यावर कँटन या चिनी बंदरातील व्यापारामार्फत चिनी कारागिरांकडे त्याच घाटाची मागणी आली. त्यामुळे हा हंस नंतरच्या चिएनलाँग सम्राटाच्या काळातला, साधारण १७६० ते १७८० च्या दरम्यानचा धरणे योग्य ठरेल.

म्हणून सगळेच प्राणी युरोपीय नमुन्यांच्या नकला होत्या, हा लेखातला सूरही बरोबर नाही. कांगशी काळातील खडकावर बसलेले पोपट पाहावेत: दोन साच्यांत दाबलेले अर्धे भाग पातळ मातीने सांधून, झिलई न देताच कडक भाजून, त्यावर हिरवा, पिवळा, जांभळा रंग चढवून ते मंद आचेवर पुन्हा भाजलेले असतात. हा घाट आणि ही रीत दोन्ही तिथलीच. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझन या चिनी गावी राहिलेल्या दाँत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी १७१२ च्या पत्रात हुबेहूब रंगवलेल्या एका मांजराचे वर्णन केले आहे. त्याच्या डोक्यात लहानसा दिवा ठेवला की डोळे पेटल्यासारखे दिसत आणि उंदीर घाबरून पळत, असे त्यांना सांगण्यात आले होते. (उंदरांचे म्हणणे अर्थातच नोंदवलेले नाही.)

पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा जुन्या निर्यातवस्तूंच्या सफाईदार प्रतिकृती काढल्या, त्यामुळे केवळ दर्शनी बाजूवरून काळ ठरवणे धोक्याचे असते. पुढील लेखात प्राण्यांच्या तळाची, म्हणजे झिलई नसलेल्या मातीची, छायाचित्रेही छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक