आधी अंदाज, मग सूत्र

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘फिजिक्स काही आपल्याला जमणार नाही’ असे वर्षाच्या सुरुवातीला फार थोडी मुले म्हणतात. दोन-तीन चाचण्या झाल्या की निम्मा वर्ग म्हणू लागतो. माध्यमिक वर्गांना हा विषय शिकवताना मी हे वर्षानुवर्षे पाहते आहे. ही नावड मुले घरून आणत नाहीत, ती आमच्या फळ्यासमोर तयार होते.

लंबकाचा धडा घ्या. पूर्वी मी आधी सूत्र लिहीत असे, मग त्यातल्या अक्षरांचे अर्थ, मग दोन गणिते. मुले निमूटपणे उतरवून घेत. आता मी सारख्या लांबीचे दोन दोरे टांगते, एकाला लोखंडी गोळी, दुसऱ्याला लाकडी. कोणता लंबक लवकर परत येईल? हात लावण्याआधी प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचे. बहुतेक जण ‘जड’ लिहितात. मग गटागटाने 20 आंदोलने मोजायची. मीटरभर लांबीला साधारण 40 सेकंद लागतात, गोळी कोणतीही असो. एका मुलीला हे पटेचना. तिने तीनदा मोजले, मग दोराच आखूड करत बसली. 25 सेंटिमीटरला 20 सेकंद आले तेव्हा ओरडली, ‘बाई, लांबी पाव झाली, मग वेळ निम्माच का?’ सूत्रातले वर्गमूळ त्या दिवशी तिने माझ्याकडून मागून घेतले.

हा केवळ माझाच अनुभव नाही. भौतिकशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांतल्या 62 भौतिकशास्त्र वर्गांची, साडेसहा हजार विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. बल आणि गतीच्या आकलनात जेवढी सुधारणा शक्य होती, त्यातली व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी 23 टक्के साधली. मुलांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांनी 48 टक्के.

मात्र आकलन वाढले म्हणजे आवड लगेच वाढते, असे नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या 2019 च्या एका अभ्यासात स्वतः सोडवत शिकणारे विद्यार्थी जास्त शिकले, पण त्यांना वाटत होते की आपण कमी शिकलो. माझ्याकडेही पहिले काही आठवडे ‘बाई शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ ही तक्रार असतेच. डोक्याला ताण पडतो आणि तो ताण मुलांना अपयश वाटतो. इथेच बरेच शिक्षक माघार घेऊन पुन्हा खडू हातात धरतात. नुसते गट पाडून स्वस्थ बसणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात तर ती तक्रार खरीच असते. कोणता प्रश्न कधी टाकायचा, याची तयारी व्याख्यानापेक्षा जास्त करावी लागते.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. एका सत्रात निकाल मागू नका. वर्गातला गलका ऐकून आत आलात, तर किती धडे झाले हे विचारण्याआधी एखादी वही उघडा आणि मुलाने खोडलेला अंदाज व त्याखाली लिहिलेले कारण वाचा.

आपली,
एक भौतिकशास्त्र शिक्षिका