इंजिन खोलायच्या आधी आवाज तरी ऐका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांबद्दल जे काही येतं ते सगळं नव्या मॉडेलचं, मायलेज किती नि डिस्प्ले केवढा. पंधरा-वीस वर्षं जुनी मोटारसायकल वापरणारे आमच्यासारखे वाचक पण आहेत की, आमच्यासाठी पण चार ओळी छापा, म्हणून हे पत्र.

झालं काय, माझ्या गाडीची टिकटिक चालू झाली. गॅरेजवाल्याने एकदा रेस दिली, मान हलवली आणि म्हणाला पिस्टन गेलाय, हाफ इंजिन, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचं काम, करावं लागेल. दोन मिनिटं पण ऐकलं नाही त्याने. मी गाडी घरी आणली, सकाळी थंड इंजिन चालू करून शेजारी उकिडवा बसलो, तर सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, जिथे बसतो तिथे काजळीचा काळा डाग. नट ढिला, आतलं पॅकिंग जळालेलं आणि तिथून गॅस फटफट बाहेर येतोय, आवाज अगदी टॅपेटसारखा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या टिकटिकीसारखा. पॅकिंग बदललं, नट आवळले, टिकटिक बंद. आणि ह्याच्यासाठी सिलिंडर उतरवायला निघाले होते!

माझं म्हणणं एवढंच की आवाज कसा येतो यावर वाद घालत बसू नका, तो कधी येतो ते बघा. एकाची टिकटिक ती दुसऱ्याची खडखड, पण कधी येतो ते सगळ्यांना सारखंच कळतं. थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, खेळतोय, थोडाफार असेल तर घाबरायचं काम नाही. न्यूट्रलला क्लच दाबला की आवाज गायब, तर क्लच हाऊसिंग नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघा, हेडला हात कशाला लावता? स्लोवर किंवा रेस सोडताना खळखळ, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी आतली चेन) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर. चढावर वरच्या गिअरमध्ये ओढताना खडखड आणि गिअर खाली टाकला की शांत, तर ते इंजिनचं नॉकिंग, म्हणजे आत पेट्रोल चुकीचं पेटणं, बहुतेक वेळा इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे गेलेलं असतं किंवा आत कार्बन साचलेला असतो. पण लोड आला की खालून जड ठकठक येते, पायाला पण जाणवते, तर ते कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनखालच्या दांड्याचं) बेअरिंग असू शकतं, तिथे मात्र गाडी ताबडतोब बंद करा, ढकलत न्या.

जागा सापडत नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला, हेड, सिलिंडर, क्लच कव्हर असं फिरत जायचं, जिथे आवाज टोचल्यासारखा येतो तिथेच घोळ. फक्त फिरत्या चेनपासून लांब राहा. आणि ह्या सगळ्याच्या आधी ऑइलची लेव्हल बघा हो, कितीतरी आवाज तिथेच मिटतात.

टॅपेटबद्दल मात्र लोकांचं उलटं आहे. आवाज नको म्हणून मेकॅनिककडून टॅपेट टाइट करून घेतात, तो पण गिऱ्हाईक खूश म्हणून आवळतो. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिमी, तो थंड इंजिनवर फिलर गेजनेच (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचा आणि आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा. गॅपच राहिला नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो, तोही गुपचूप, आवाज न करता.

माझ्या गाडीची टॅपेटची थोडी टिकटिक अजून येते. गॅप बरोबर आहे, म्हणून तशीच ठेवलीय.

आपला,
जुन्या मोटारसायकलवाला एक वाचक